चार रहस्ये आणि एक मेणबत्ती

ऑगस्टच्या अखेरीला मुंबईहून सुटणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाडीचं कन्फर्म तिकीट मिळणं हा चमत्कार आहे, आणि रोमने अजून त्याची दखल घेतलेली नाही. एखाद्याला संत ठरवायचं तर साधारणपणे दोन चमत्कार सिद्ध व्हावे लागतात. आमच्या धर्मग्रामातल्या संयोजकांनी सव्वाशेच्या आसपास माणसांची जायची तिकिटं एकाच गाडीत मिळवली, हा पहिला. यायचीही मिळवली, हा दुसरा. तरी लोक त्यांना अजून नुसते 'मास्तर' म्हणतात. पुतळ्याचा विषय कुणी काढत नाही.

त्या वर्षी गणपतीही सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच आले होते. अर्धी मुंबई कोकणात निघालेली आणि आम्ही वसईकर ख्रिस्ती वेलांकनीला. रिझर्व्हेशनच्या रांगेत बाप्पाचे आणि मरियामातेचे भक्त एकमेकांना पाणी विचारत होते, सुट्टे पैसे देत होते, पण रांगेतली जागा काही कुणी कुणाला सोडत नव्हतं.

वेलांकनी हे तामिळनाडूच्या नागपट्टणम जिल्ह्यातलं, बंगालच्या उपसागराला खेटून असलेलं गाव. तिथल्या आरोग्यमातेचा सण 29 ऑगस्टला ध्वज चढवून सुरू होतो आणि 8 सप्टेंबरला, मरियेच्या जन्मदिनी, संपतो. पोप तेविसावे जॉन यांनी 1962 साली तिथल्या चर्चला बॅसिलिकेचा दर्जा दिला. वेलांकनीला 'पूर्वेचं लूर्ड्स' म्हणतात. लूर्ड्सला मात्र कुणी 'पश्चिमेचं वेलांकनी' म्हणत नाही, याची मास्तरांना खंत आहे.

आता, 8 सप्टेंबरचा हाच सण धरून बांद्र्याच्या टेकडीवर मोतमावलीची जत्रा भरते, हे मी घरी सांगून पाहिलं. माता तीच, सण तोच, वसईहून तासाभराचं अंतर. रमेदी माता तर त्याहून जवळ, वसईतच. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बांद्र्याला जाण्यात त्रास कुठे आहे?"

"विरार लोकल आहे ना."

"तो रोजचा. तो देव धरत नाही."

आईला सोबत हवी होती, म्हणून मी. नाहीतर मी रविवारच्या मिस्सेला दाराजवळच्या बाकावर बसणारा माणूस. प्रवचन लांबलं तर चपला बघून येतो. माझ्या नावाचे पैसे आईने परस्पर भरले होते आणि तेही मुदत संपल्यावर. या उशिराचे परिणाम पुढे भोगावे लागले.

मास्तर निवृत्त मुख्याध्यापक. सव्वाशे माणसं म्हणजे त्यांच्या दृष्टीने दोन वर्ग, तुकड्या पाडल्याशिवाय त्यांना झोप येणं शक्य नव्हतं. पण अ, ब, क, ड ही नावं यात्रेला शोभत नाहीत. म्हणून त्यांनी जपमाळेचा आधार घेतला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: आमची जपमाळ दहा-दहा मण्यांच्या पाच लडींची असते. प्रत्येक लडीला एकदा 'हे आमच्या स्वर्गातील बापा', दहा वेळा 'नमो मरिया', आणि मनात ख्रिस्ताच्या नाहीतर मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग. या प्रसंगांना रहस्यं म्हणतात. आनंदाची पाच, दुःखाची पाच, गौरवाची पाच. शेकडो वर्षं एवढ्यावर भागत होतं. 2002 साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यात प्रकाशाची पाच रहस्यं घातली. मास्तरांच्या मते पोपना यातून काय साधायचं होतं ते पोपना ठाऊक, पण त्यामुळे चार गटांची सोय झाली.

नावं वाचून दाखवली त्या रविवारी चर्चच्या आवारात जो गोंधळ झाला तो ग्रामपंचायतीच्या निवडणुकीलाही होत नाही. आनंदात जायला सगळे तयार. नवीन लग्न झालेलं एक जोडपं होतं, त्यांना आनंदात घालावंच लागलं. निवृत्त, पेन्शनवाली, मुलं परदेशात असलेली मंडळी गौरवात गेली, आई त्यांच्यात. प्रकाशात तरुण पोरं आणि कॅटेकिझम शिकवणाऱ्या बाई. एका आजीने प्रकाशात जायला साफ नकार दिला. "आमच्या वेळेला ही नव्हती," एवढंच कारण. आणि दुःखात कुणीच नाही. एक मावशी मास्तरांच्या मागेमागे फिरत होती, "माझ्या पोरीचं लग्न जमत आलंय, मला दुःखात टाकू नका हो." शेवटी मास्तरांनी निकष लावला: ज्यांनी उशिरा पैसे भरले ते दुःखात.

त्यामुळे दुःखाच्या रहस्यांत जमलेली माणसं पुढीलप्रमाणे: निवृत्त पोस्टमन काका, आयुष्यभर वेळेवर पत्रं वाटून स्वतःचं काहीच वेळेवर न करणारे. कुवेतहून कायमची परत आलेली एक नर्स. एकमेकींशी बोलत नसलेल्या दोन सख्ख्या बहिणी, दोघींनी वेगवेगळ्या दिवशी, पण सारख्याच उशिरा पैसे भरलेले. इंजिनिअरिंगला तीन विषय राहिलेला एक मुलगा. ऐन वेळी ठरवणारी आणखी वीसपंचवीस डोकी. आणि मी. आमच्या वाट्याला डब्याच्या शेवटच्या, संडासाशेजारच्या बर्थ आल्या. गटाच्या नावाला साजेसं वातावरण पहिल्यापासून होतं.

निघायच्या आधीचे दोन दिवस घरात माणसांची रीघ. जो येत नाही तो मागणं पाठवतो. पाकिटात पैसे आणि चिठ्ठी: एवढ्याची मेणबत्ती लाव, आणि मातेला सांग. चिठ्ठ्या उघड्या असल्याने वाचणं भागच होतं. फ्लॅटचा ताबा. कॅनडाची पीआर. सुनेला स्वयंपाकाची आवड. मुलाचा नाद सुटावा (कोणता ते लिहिलं नव्हतं, मातेला ठाऊक असणार, गावाला तर होताच). शेजारच्या आळीतल्या एका गृहस्थांनी भावाच्या बोअरवेलचं पाणी आटावं अशी मागणी केली होती. ती चिठ्ठी मी फादरांना दाखवली. ते म्हणाले, "न्या. कुठलं मागणं ऐकायचं ते तिला कळतं."

वसईहून दादरपर्यंतचा प्रवास लोकलने. सव्वाशे माणसं, प्रत्येकी दोन बॅगा, शिवाय डबे. या टप्प्याबद्दल फार लिहीत नाही. विरार लोकलच्या ज्या प्रवाशांवर आम्ही त्या संध्याकाळी चढून गेलो, त्यांची मी इथे मनापासून क्षमा मागतो.

चेन्नईची गाडी मात्र सुखाची. म्हणजे पुण्यापर्यंत. पुण्यानंतर डबे उघडले. बॉटल मसाल्यातलं चिकन, फुगे, सुकेळी, उकडलेली अंडी, आणि पोस्टमन काकांच्या पिशवीतून सुकटाची चटणी. खरं तर यात्रा संपेपर्यंत मांसमच्छी नाही असं ठरलं होतं. त्यावर दुःखाच्या गटात चर्चा झाली आणि यात्रा नेमकी कुठून सुरू होते हा प्रश्न पुढे आला. नर्सबाईंचं मत पडलं की तामिळनाडूची हद्द लागल्यावर. त्यामुळे गुंटकल मागे पडेपर्यंत आम्ही निर्धास्त होतो.

कुणी कुरकुर केली की मास्तरांकडे एकच औषध: संत गोन्सालो गार्सिया. हे आमचे वसईचे. 1597 साली फेब्रुवारीच्या 5 तारखेला नागासाकीला 26 ख्रिस्ती माणसांना क्रुसावर चढवलं, त्यांतले एक. 1862 मध्ये रोमने त्यांना संत म्हणून जाहीर केलं. मारण्याआधी त्या सगळ्यांना ऐन हिवाळ्यात क्योटोहून नागासाकीपर्यंत पायी चालवत नेलं होतं. आता या माहितीपुढे माणूस काय बोलणार? पंखा चालत नाही म्हटलं की मास्तर म्हणत, "गोन्सालो गार्सिया आठवा." चहा गार आहे, गोन्सालो गार्सिया. वरचा बर्थ मिळालेल्या काकूंचे गुडघे दुखत होते, त्यांनाही हेच. काकू खवळल्या. "आठवते. त्यांना एकदाच चढवलं, मला रात्रीतून चार वेळा चढउतार आहे."

संध्याकाळी जपमाळ. प्रत्येक वाराची रहस्यं ठरलेली असतात. सोमवार-शनिवार आनंद, मंगळवार-शुक्रवार दुःख, बुधवार-रविवार गौरव, गुरुवारी प्रकाश. ज्याचा वार त्याच्या गटाने पुढाकार घ्यायचा. आम्ही मंगळवारचे निघालेलो, त्यामुळे पहिला मान दुःखाचा. पोस्टमन काकांनी खड्या आवाजात सुरुवात केली आणि डब्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत 'नमो मरिया' पोचली. अडचण फक्त चहावाल्याची. त्याची आरोळी नेमकी 'आमेन'च्या जागी पडायची आणि मागून कुणीतरी भक्तिभावाने "दोन इकडे" म्हणायचं. आमच्याच डब्यात सोलापूरचं एक कुटुंब होतं. त्यांचे आजोबा थोडा वेळ ऐकत राहिले, मग खिशातून तुळशीची माळ काढून आपलं वेगळं सुरू केलं. संपल्यावर त्यांनी काकांना विचारलं, "तुमची किती मण्यांची?" काकांनी आकडा सांगितला. आजोबांनी आपली १०८ ची माळ दाखवली आणि फार नम्रपणे खिशात ठेवली. काका त्यानंतर बराच वेळ गप्प होते.

चेन्नईत गाडी बदलायला दिवसभराचा अवकाश होता, तो मैलापूरच्या सान थोमे बॅसिलिकेत घालवला. परंपरेनुसार येशूच्या बारा शिष्यांपैकी संत थॉमस इथे पुरले गेले. हा शिष्य मला लहानपणापासून जवळचा वाटत आला आहे. येशू उठला असं बाकीच्यांनी सांगितलं तेव्हा, जखमेत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणाला. संशयी माणसाच्या थडग्यावर एवढं मोठं पांढरंशुभ्र चर्च उभं राहतं हे पाहून मला धीर आला. खाली थडग्यापाशी जरा निवांत बसावं म्हटलं, तर मास्तरांची शिट्टी. वेळापत्रकात थॉमससाठी वीस मिनिटं होती. संशय घ्यायला तेवढी पुरतात, फेडायला नाही.

एग्मोरहून रात्रीच्या गाडीने नागपट्टणम आणि तिथून बसने वेलांकनी. रस्त्याच्या दोन्ही कडेला भगव्या कपड्यांतले लोक चालत होते. बायका, पोरं, म्हातारे, अनवाणी. काही जण चेन्नईहून निघालेले, 300 किलोमीटरहून जास्त. भगवं नेसून मरियामातेकडे पायी निघालेली ही माणसं पाहून बसमधली कुरकुर आपोआप बंद झाली. मास्तरांना गोन्सालो गार्सिया काढायची गरज पडली नाही. फक्त एक मावशी पुटपुटली, "आपल्याला एसी बस मिळायला हवी होती असं मी म्हणाले होते, ते मी मागे घेते. पण खिडकी तरी उघडायला हवी."

वेलांकनीच्या तीन कथा आहेत. एका धनगर पोराला तळ्याकाठी बाळाला घेतलेली स्त्री दिसली, तिने बाळासाठी दूध मागितलं. त्याने दिलं, आणि मालकाकडे जाऊन पाहतो तर मडकं पुन्हा काठोकाठ. दुसऱ्या कथेत ताक विकणाऱ्या पांगळ्या मुलाकडे ताक मागितलं आणि तो चालू लागला. तिसरी पोर्तुगीज खलाशांची: वादळातून वाचून ते 8 सप्टेंबरला या किनाऱ्याला लागले आणि त्यांनी पहिलं पक्कं चर्च बांधलं. आमच्या आईला पोर्तुगीजांत रस नाही. वसईत त्यांचा पुरेसा परिचय झालेला आहे. तिला आवडते ती दुधाची कथा. तिचा जन्म वसईची भाजी टोपलीतून दादरला नेऊन विकण्यात गेला. देवाच्या आईने सकाळी गिऱ्हाईक होऊन दूध घेतलं आणि उधारी त्याच दिवशी चुकती केली, हा व्यवहार तिला फार पटतो.

हे ती माताकुळम या तळ्यापाशी उभी राहून मला सांगत होती आणि नेमक्या त्याच वेळी तिने आपली स्वतःची उधारी उघड केली.

मी अडीच वर्षांचा असताना मला टायफॉइड झाला होता. तेव्हा आईने वेलांकनी मातेला नवस बोलला: पोरगा वाचू दे, त्याच्या उंचीची मेणबत्ती वाहीन. पोरगा वाचला. मग धाकटा भाऊ झाला, विहिरीला पाणी लागलं नाही, वडिलांची गिरणी बंद पडली, मुलांची शिक्षणं, आजीचं आजारपण. नवस राहिला. दरम्यान मी वाढत राहिलो. आता माझी उंची पाच फूट नऊ इंच.

मी म्हणालो, "अगं, नवस बोलला तेव्हा मी अडीच फुटांचा होतो. अडीच फुटांची घे."

आईलाही शंका असावी, कारण तिने फादरांना गाठलं. फादर तरुण, हसरे. म्हणाले, "मातेकडे व्याज नसतं. तेव्हाची उंची चालेल."

"तुम्ही म्हणता ते खरं, फादर," आई म्हणाली. "पण शब्द याच्या उंचीचा दिला होता. आणि उंची वाढली ती तिनेच वाढवली ना? मग तिचं वाढवलेलं मी कसं कापू?"

या युक्तिवादाला धर्मशास्त्रात उत्तर असेलही, पण फादरांच्या मागे तोवर आणखी अकरा माणसं आपापले प्रश्न घेऊन उभी होती. ते म्हणाले, "घ्या मोठीच."

चर्चच्या रस्त्यावर नवसाच्या वस्तूंची दुकानंच दुकानं. भाविकांनी वाहायच्या साड्या, नारळाची रोपं, आणि पत्र्यातून कापलेले डोळे, कान, हात, पाय, घरं, पाळणे. जे दुखतं किंवा जे हवं, ते घ्यायचं आणि वाहायचं. वरच्या बर्थवाल्या काकू तिथे भांडत होत्या. त्यांना नुसते गुडघे हवे होते. दुकानदार पूर्ण पायच विकत होता. काकूंचं म्हणणं, "बाकीचा पाय चांगला आहे, त्याचे पैसे मी का देऊ?" दुकानदाराला मराठी येत नव्हतं, काकूंना तामिळ येत नव्हतं, पण वादाचा एकही मुद्दा दोघांपैकी कुणाच्या हातून निसटत नव्हता.

मेणबत्तीवाल्याने मला दुकानातल्या खांबाला टेकवून उभं केलं आणि हाताने माप घेतलं. मी गुपचूप जरा वाकलो. आईने पाठीत धपाटा घातला. मग दुकानदार आणि आई यांच्यात भावाची बोलणी बोटांवर सुरू झाली. त्याने दहा बोटं दाखवली की ही चार दाखवायची. तो छातीवर हात ठेवायचा, ही पदर झटकून चालू लागायची. दादरच्या बाजारात आयुष्य काढलेल्या बाईपुढे त्या बिचाऱ्याचा निभाव लागला नाही. शेवटी त्याने मेणबत्ती दिली आणि वर एक लहान मेणबत्ती फुकट. ती लहान साधारण अडीच फुटांची होती. मी काही बोललो नाही.

पाच फूट नऊ इंचांची मेणबत्ती घेऊन लाखभर माणसांतून चालणं हा अनुभव ज्याने घेतला नसेल त्याने बढाया मारू नयेत. उभी धरली तर वारा लागतो. आडवी धरली तर पुढच्याची टोपी पडते आणि मागच्याच्या पोटात जाते. तिरकी खांद्यावर घेतली, तर बापाच्या खांद्यावर बसलेल्या एका तामिळ पोराने टोक धरलं आणि पन्नास पावलं सोडलंच नाही. वरून सप्टेंबरचं तामिळनाडूचं ऊन. निम्म्या वाटेवर माझ्या लक्षात आलं की ती हळूहळू मधे वाकते आहे. दुकानात मी वाकलो होतो साधारण तितकीच.

दर्शनाची रांग हे प्रकरण मला घाबरवणारं होतं, आमच्या बायकांना नव्हतं. वसईच्या बायका गर्दीला गर्दी म्हणत नाहीत. सकाळी आठ बावनच्या लोकलमध्ये जी वसईला चढते आणि नालासोपाऱ्याहून आधीच बसून आलेल्यांच्या मांडीवर पर्स ठेवते, तिला देशातली कुठलीही रांग अडवू शकत नाही. लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या पुढे, त्यांच्या आडोशाने गुडघेवाल्या काकू, मग मेणबत्ती, मग मी. कोपर कुणाला लागलं नाही, आवाज चढला नाही, आणि तरी आम्ही पुढे सरकत होतो. केरळच्या एका घोळक्यातली माणसं कौतुकाने बघत होती.

आणि मग माता दिसली. साडीतली. मरियामाता बहुतेक ठिकाणी झग्यात आणि शालीत असते. इथे ती जरीच्या साडीत, डोक्यावर मुकुट, कडेवर बाळ. मी हात जोडले. माझ्या मनात काय आलं ते मी सांगणार नाही. आमच्या पुढच्या दोन बहिणी, ज्या वसईपासून एकमेकींशी बोलल्या नव्हत्या, त्यांतली थोरली वर बघून हळूच म्हणाली, "काठ बघितलास?" धाकटी म्हणाली, "कांजीवरम आहे." तिथून त्या जे बोलू लागल्या ते परतीच्या गाडीत दौंड येईपर्यंत बोलत होत्या. नवस कुणी केला होता आणि तो हाच होता का, हे विचारायचं धाडस कुणाला झालं नाही.

मेणबत्ती पेटवावी लागली नाही. तिथल्या स्वयंसेवकाने ती दोन्ही हातांनी घेतली आणि ज्या सफाईने आमच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी लागते त्या सफाईने शेकडो मेणबत्त्यांच्या ढिगावर लावून ठेवली. मला वाटलं आई हिरमुसेल. ती ढिगाकडे बघत म्हणाली, "पोचती झाली." मग माझ्याकडे बघून, "आता नीट उभा राहा. सारखा वाकतोस."

पापांची कबुली द्यायला वेगवेगळ्या भाषांचे फादर बसले होते. इथे आमच्या मंडळींचं वागणं अभ्यासण्यासारखं. आमचे स्वतःचे फादर सोबत होते, मराठी बोलणारे, समजूतदार. त्यांच्यासमोर चार म्हाताऱ्या. बाकी सगळी मराठी पुरुषमंडळी तामिळ फादरांच्या रांगेत. मीही त्याच रांगेत होतो, उगाच कशाला खोटं बोला. गावातल्या फादरांना पापं सांगितली की पुढच्या रविवारी ते प्रवचनात आपल्याकडेच बघतायत असं वाटत राहतं. तामिळ फादरांनी माझं सगळं डोळे मिटून ऐकलं, मान हलवली आणि तामिळमध्ये प्रायश्चित्त सांगितलं. काय ते कळलं नाही. बाहेर येऊन बघतो तर आमचे दहाबारा जण एकमेकांना विचारत होते, "तुला किती सांगितले?" शेवटी पोस्टमन काकांनी तोडगा काढला: कुणालाच कळलेलं नाही, तर सगळ्यांनी अख्खी माळ म्हणू. पाप लहान असेल त्याचं पुढच्या खात्यावर जमा. मराठी फादरांकडे गेलेल्या म्हाताऱ्या प्रत्येकी तीन 'नमो मरिया' म्हणून केव्हाच चहाला गेल्या होत्या.

चर्च आणि माताकुळम यांच्यामधल्या वाळूच्या वाटेवर लोक गुडघ्यांवर चालत जातात. ते पाहिलं की विनोद सुचत नाही. समुद्रावर गेलो तेव्हाही सुचला नाही. 2004 च्या 26 डिसेंबरला, रविवारी सकाळी, याच किनाऱ्यावर त्सुनामीने शेकडो माणसं नेली. नाताळ करायला आलेले यात्रेकरू त्यांत होते. चर्च वाचलं. हे सांगताना तिथली माणसं 'चर्च वाचलं'ला आवाज चढवतात आणि माणसांपाशी आले की उतरवतात. आमच्या घोळक्यातल्या एकाने विचारलं, "मग मातेने त्यांना का नाही वाचवलं?" फादरांनी उत्तर दिलं नाही. ते पाण्याकडे बघत उभे राहिले आणि आम्हीही.

मोजणीबद्दल राहिलंच. मास्तर दिवसातून पाचसहा वेळा आम्हाला मोजत. ओळख पटावी म्हणून त्यांनी सगळ्यांना पिवळ्या टोप्या दिल्या होत्या. वेलांकनीला पोचल्यावर कळलं की त्याच पिवळ्या टोप्या हैदराबादच्या एका यात्रेनेही घेतल्या आहेत. त्यानंतरच्या नाश्त्याला आमची संख्या दोनाने जास्त भरली. मास्तरांच्या तीस वर्षांच्या नोकरीत पटावर मुलं कमी भरली होती, जास्त कधीच नाही. चौकशी केली तेव्हा दोन तेलुगू मावश्या इडल्या संपवत बसलेल्या सापडल्या. त्या दुःखाच्या गटात होत्या. त्यांना परत पाठवणं सगळ्यांच्याच जिवावर येत होतं, कारण त्या पोस्टमन काकांना पत्त्यांतला एक नवीन डाव शिकवत होत्या. त्याच दुपारी काकांनी नवसाचं मुंडण केलं, आणि संध्याकाळच्या मोजणीत संख्या पुन्हा चुकली. काकूंनी त्यांना ओळखलंच नाही. "हा आमच्यातला नाही," असं त्या मास्तरांना ठामपणे सांगत होत्या, आणि काका त्यांच्या शेजारी उभे राहून त्यांचीच पर्स धरून होते.

7 तारखेच्या रात्रीची रथांची मिरवणूक, 8 ची मिस्सा, आणि परत.

परतीच्या गाडीत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बर्थ त्याच क्रमाने होत्या, आनंद पुढे, दुःख संडासापाशी. पण रात्री नऊनंतर आनंदात कुणी नव्हतंच. नवीन जोडपं रुसलेलं, एक इकडे तोंड करून, एक तिकडे. गौरवाची मंडळी रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन झोपलेली. प्रकाशातल्या पोरांच्या चेहऱ्यावर मोबाइलचा तेवढा प्रकाश. आणि आमच्याकडे बसायला जागा नाही. संडासाला जाणारा प्रत्येक माणूस आमच्यावरून जायचा, जाताना हसायचा, येताना टेकायचा, आणि टेकला की उठायचा नाही. दोन बहिणी लहानपणीची भांडणं आलटून पालटून सांगत होत्या. नर्सबाई कुवेतच्या मॅडमची नक्कल करत होती. नापास मुलगा गिटारवर लग्नातली गाणी वाजवत होता. तामिळनाडूची हद्द ओलांडल्याबरोबर काकांनी सुकटाच्या चटणीची उरलेली बाटली काढली. जिच्या मुलीचं लग्न जमत होतं ती मावशी गौरवातून उशी घेऊन आली आणि आमच्या खालच्या बर्थवर आडवी झाली. आई माझ्या पायाशी बसून सुकेळी वाटत होती.

सोलापूरच्या पुढे मास्तर वही घेऊन आले. पुढच्या वर्षीची आगाऊ नोंदणी, पैसे नंतर, नाव आत्ता. गट कोणता हेही आत्ताच सांगायचं, म्हणजे आयत्या वेळी भांडणं नकोत. एकेक जण पेन घेऊन नाव लिहू लागला, आणि मास्तरांचा चेहरा बदलत गेला. त्यांनी वही मिटली, चष्मा काढला आणि वर्गात बोलायच्या आवाजात सगळ्यांना सांगितलं:

"हे बघा, दुःखात आता एकही जागा नाही. वेटिंग लिस्टसुद्धा भरली. आनंदात कितीही या."